दारात आला बिशप

हॉलोवेबाईंना कार्मेलीनचं लाल लुगडं आवडलं आणि तिथूनच सगळं बिनसलं.

आवडणारच म्हणा. अमेरिकेत, टेक्ससमधल्या अर्विंगच्या चर्चमध्ये एका रविवारी प्रत्येकाने आपापल्या देशाच्या पोशाखात यायचं ठरलं होतं. फिलिपिनो आल्या, मेक्सिकन आल्या, नायजेरियन बायका तर डोक्यावर एवढाले फेटे बांधून आल्या. पण वसईजवळच्या भुईगावची कार्मेलीन लोपीस लाल लुगड्यात, गळ्यात आईचा सोन्याचा गोफ घालून मधल्या वाटेने चालत आली, तेव्हा सगळ्या माना वळल्या. पासष्टी ओलांडलेली बाई, पण पाठ अशी ताठ, की बाकावर लोळणारी पोरं तिला बघून सरळ बसली. ते लुगडं तिला आईने लग्नात दिलेलं. भुईगावात ते फक्त चर्चच्या सणाला नाहीतर घरच्या लग्नाला पेटीतून बाहेर निघायचं.

मिस्सा, म्हणजे रविवारची उपासना, संपल्यावर हॉलोवेबाई धावतच आल्या. या बाई म्हणजे चर्चच्या उत्सव समितीच्या सर्वेसर्वा. मनाने वाईट नव्हत्या, पण एकदा त्यांच्या डोक्यात काही शिरलं की ते बाहेर काढायला देवदूतालाच यावं लागलं असतं. त्यांनी पदर दोन बोटांत धरून पाहिला, "परफेक्ट! सो ऑथेंटिक!" म्हणाल्या आणि कार्मेलीनच्या मुलाला, सुशांतला, बाजूला घेऊन काहीतरी विचारलं. सुशांत हो म्हणाला. सुशांत सगळ्यांनाच हो म्हणतो. मॅनेजरला म्हणतो, बायकोला म्हणतो, फोनवर क्रेडिट कार्ड विकणाऱ्या पोरीलासुद्धा म्हणतो.

काय कबूल केलं ते गाडीत बसल्यावर कळलं.

"आई, तुला उत्सवाच्या नाटकात घेतलंय. गास्पार बिशपच्या. लुगडं नेसूनच यायचं, बरं का! कॉस्च्युमचा प्रॉब्लेमच सॉल्व्ह झाला म्हणाल्या त्या."

कार्मेलीन खूश झाली. खोटं कशाला सांगायचं? परक्या मुलुखात येऊन आठ वर्षं झाली, तरी चर्चमध्ये तिची ओळख 'सुशांतची आई' एवढीच होती. भुईगावात तिच्याशिवाय लग्नातली गाणी सुरू होत नसत आणि इथे तिला कोणी 'आमेन'पलीकडे आवाज काढू दिला नव्हता. तिने घरी जाऊन लुगडं उन्हात टाकलं.

आता हा गास्पार बिशप कोण, तर चर्चच्या दारात ज्याचा दगडी पुतळा उभा आहे तो. पाचशे वर्षांपूर्वी टेक्ससचा किनारा शोधायला निघालेल्या स्पॅनिश जहाजांवर तो होता. कप्तानाला सोनं हवं होतं, राजाला नकाशा हवा होता आणि गास्पारला माणसं हवी होती, क्रुसाखाली आणायला. दर ऑक्टोबरला चर्चच्या पार्किंग लॉटमध्ये त्याचं आगमन साजरं होई. अर्विंगहून समुद्र गाठायचा तर गाडीने अर्धा दिवस जातो, पण उत्साहाला त्याची काय फिकीर? कोणाची तरी मासेमारीची बोट ट्रेलरसकट आणायची, तिला पुठ्ठ्याचं शीड लावायचं, की झालं स्पॅनिश जहाज. बिशप होई तो रिक सालाझार, घरांची छपरं घालणारा धिप्पाड गडी. आजोबा मेक्सिकोतून आलेले, स्वतः टेक्ससमध्येच जन्मलेला.

पहिल्या तालमीला कार्मेलीनला तिचं काम समजलं. ती किनाऱ्यावरच्या टोळीच्या मुखियाची बायको. बिशप बोटीतून उतरणार, एक लांबलचक कागद स्पॅनिशमध्ये वाचणार आणि शेवटचा शब्द उच्चारला की सगळ्या टोळीने गुडघे टेकायचे. मग कार्मेलीनने गुडघ्यांवरच पुढे सरकून बिशपच्या अंगठीचं चुंबन घ्यायचं. संवाद एकही नाही.

"गुडघ्यांवर?" तिने सुशांतला विचारलं.

"पाच मिनिटांचा तर सीन आहे, आई."

टोळीतल्या मुलांमध्ये तिची नात सियाही होती. तेरा वर्षांची, उंच, जिथे तिथे प्रश्न विचारणारी. रिकने कागद वाचून संपवला, सगळे खाली बसले आणि सिया उभीच राहिली.

"व्हॉट डझ इट से?" तिने विचारलं.

रिक प्रामाणिक माणूस. "ठाऊक नाही गं," तो म्हणाला. "मला स्पॅनिश येत नाही. रेकॉर्डिंग ऐकून पाठ केलंय."

हॉलोवेबाईंनी टाळी वाजवली. "सिया, स्वीटहार्ट, नील डाउन! गुडघ्यांवर!"

"काय लिहिलंय ते कळल्याशिवाय नाही," सिया इंग्रजीत म्हणाली आणि तालीम सोडून गाडीत जाऊन बसली.

घरी येऊन तिने त्या कागदाचा अर्थ शोधून काढला. तसले कागद स्पॅनिश लोक खरंच वाचत, नव्या किनाऱ्यावर उतरले की. कार्मेलीन ओट्याशी भेंडी चिरत होती, तिच्यासमोर फोन धरून सियाने अर्थ सांगितला. आमच्या पोपने हा मुलूख आमच्या राजाला दिला आहे. मुकाट्याने मान्य करा. नाही केलंत तर आम्ही लढाई करू, तुमच्या बायकामुलांना गुलाम करून नेऊ, आणि त्यात जे मरतील त्यांचा दोष तुमचा.

"आणि हे सगळं स्पॅनिशमध्ये, आजी! ज्यांना एक वर्ड कळत नाही त्यांना!"

भेंडी चिरणारा हात थांबला. "असं लिहिलंय त्यात?"

"हो. आणि मी आता डन आहे. मला कन्फर्मेशन नको."

हे ऐकून मात्र कार्मेलीनने सुरी खाली ठेवली. कन्फर्मेशन म्हणजे दृढीकरण, वसंतात होणार होतं. बाप्तिस्मा तान्हेपणी होतो, तेव्हा हो म्हणतात ते आईबाप. दृढीकरणाला पोराने जाणत्या वयात, बिशपसमोर उभं राहून, स्वतःच्या तोंडाने हो म्हणायचं असतं. सिया नाही म्हणाली तर तिच्यापुरती ही वाट तिथेच संपणार. कार्मेलीनच्या आईने, आजीने, तिच्याही आजीने हातावरून हातावर दिलेली गोष्ट या स्वयंपाकघरात, भेंडीच्या देठांबरोबर कचऱ्यात जाणार.

"नाटक ते. नाटकावरून देव सोडतात का?"

"आपल्यालाही असंच केलं ना, आजी? पोर्तुगीजांनी? आय रेड इट. युअर गॉड केम ऑन अ बोट टू."

ती खोलीत निघून गेली. कार्मेलीनला उत्तर सुचलं नाही. तिला, जिला कधी उत्तर कमी पडलं नव्हतं! डॅलसच्या गणेशोत्सवात एका बाईने नाक मुरडून विचारलं होतं, "लोपीस? मग तुम्ही मराठी कशा?" तेव्हा तिने फाडकन सांगितलं होतं, "तुम्ही जोशी असून अमेरिकन कशा, तश्शाच." ती बाई मूग गिळून बसली होती. पण स्वतःच्या नातीपुढे कार्मेलीनची वाचा बसली, कारण पोरगी खोटं बोलत नव्हती. बोटी आल्या होत्या. वसईच्या किल्ल्याच्या भिंती अजून उभ्या आहेत.

तिला राग आला. सियाचा नाही. त्या कागदाचा आला, हॉलोवेबाईंचा आला आणि सगळ्यांत जास्त स्वतःचा, की आईचं लुगडं नेसून गुडघ्यांवर सरपटायला ती एवढ्या हौसेने निघाली होती.

सुशांतने समजूत घालायचा प्रयत्न केला. "आई, तू आता बॅक आउट करू नको, प्लीज. ऑकवर्ड होतं. शेवटी आपण इथे पाहुणे आहोत."

"नाटकात पाहुणा कोण आहे?" कार्मेलीनने विचारलं.

"म्हणजे?"

"बोटीतून कोण उतरतंय? मी की तो बिशप?"

सुशांतने खांदे उडवले. पण कार्मेलीनच्या डोक्यात दिवा लागला होता. पाहुणा दारात आला की काय करायचं हे तिला कोणी शिकवायची गरज नव्हती. भुईगावात नवरदेव लग्नघरी आला की त्याला कोणी सरळ आत घेत नसे. लाल लुगडी नेसलेल्या बायका दार अडवून उभ्या राहत आणि गाण्यातून त्याची चंपी करत. कोण तू? कुणाचा? बोलावलं कुणी? आणलंस काय? नवरा शेजारच्या आळीतला, लहानपणी यांच्याच अंगणात शेंबडा फिरलेला असला तरी त्याने आपलं नाव सांगितल्याशिवाय, चारचौघांत हसं करून घेतल्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही. मग त्याला पाणी, मग गोडधोड, मग मान. आणि दार अडवण्यात कार्मेलीनचा हात धरणारी अख्ख्या पंचक्रोशीत कोणी नव्हती.

"येते म्हणून सांग त्या बाईंना," ती म्हणाली. "लुगडं नेसून येते."

उत्सवाच्या दिवशी ऊन रणरणत होतं. ऑक्टोबर असून टेक्ससला ते कोणी कळवलं नव्हतं. पार्किंग लॉटच्या कडेला टाको भाजत होते, पोरं पळत होती, खुर्च्या मांडून सगळं चर्च बसलं होतं. टोळीची झोपडी म्हणून एक तंबू उभा केला होता. त्याच्या तोंडाशी कार्मेलीन उभी राहिली, हातात तांब्या आणि कमरेला एक कापडी पिशवी. सिया आली होती, पण हाताची घडी घालून.

"मी नील करणार नाही, आजी."

"नको करूस. तू फक्त माझ्या मागे उभी राहा."

रिक बोटीतून उतरला. डोक्यावर उंच टोपी, अंगावर पडद्याच्या कापडाचा झगा, बोटात काचेची भलीमोठी अंगठी. त्याने कागद उघडला आणि खड्या आवाजात वाचला. सगळा वाचला, एक शब्द चुकला नाही. टोळी गुडघ्यांवर बसली. रिकने हात पुढे केला.

कार्मेलीनने पदर कमरेला खोचला, दोन पावलं पुढे गेली आणि हात आडवा धरून त्याची वाट अडवली. मग तिने गळा मोकळा सोडला. गाणं तिच्या गावच्या बोलीत होतं, साध्या मराठीत ते असं:

दारात आला पाहुणा, कुणाचा गं कुणाचा?
डोईवर टोपी उंच गं, पत्ता नाही गुणाचा!
बोलावलं कुणी गं, आवतण दिलं कुणी?
आधी सांग नाव तुझं, मग मिळेल पाणी!

आठ वर्षं दाबून ठेवलेला आवाज तो. पार रस्त्यापलीकडच्या गॅस स्टेशनपर्यंत गेला. तिने दुसऱ्यांदा सुरुवात केली तेव्हा टोळीतल्या एका नायजेरियन बाईने टाळीचा ठेका धरला. शब्द तिला कळले नसतील, पण दार अडवणारी बाई कुठल्याही गावात ओळखू येते. ती गुडघ्यांवरून उठली. तिच्यामागून मेक्सिकन आज्याही कमरेवर हात ठेवून उठल्या.

हॉलोवेबाई माइक हातात घेऊन कुजबुजल्या, आणि माइक चालूच असल्यामुळे ती कुजबुज सगळ्या चर्चने ऐकली. "कार्मेलीन! नील डाउन!"

कार्मेलीन वळली. तिचं इंग्रजी तोडकं होतं, पण त्या दिवशी तेवढं पुरलं. "इन माय व्हिलेज," ती म्हणाली, "गेस्ट फर्स्ट टेल नेम. देन वॉटर. देन ईट. देन टॉक ऑफ गॉड."

मग ती रिककडे वळली. "व्हॉट इज युवर नेम?"

"बिशप गास्पार," रिक गोंधळून म्हणाला.

"दॅट इज पेपर नेम. मदर गिव्ह व्हॉट नेम?"

रिकने हॉलोवेबाईंकडे पाहिलं, कागदाकडे पाहिलं. घामाने त्याच्या टोपीचा पुठ्ठा मऊ पडला होता. "रिकार्डो," तो शेवटी म्हणाला. "आजी मला रिकार्डो म्हणायची. शाळेत त्याचं रिक केलं त्यांनी. स्पॅनिश बोललं की शिक्षा व्हायची तिथे, बाबांच्या वेळी. म्हणून मला कोणी शिकवलीच नाही."

"कम, रिकार्डो," कार्मेलीन म्हणाली आणि आडवा हात खाली घेतला.

तिने तांब्या पुढे केला. रिकने कोणी न सांगता टोपी काढली, ओंजळ धरली आणि पाणी प्यायला. मग तिने त्याच्या हातातला तो लांबलचक कागद काढून घेतला, बोटीच्या काठावर नीट पसरला आणि पिशवीतली सुकेळी त्यावर मांडली. वसईची सुकवलेली केळी ती, जावेने पार्सलने पाठवलेली. राजाच्या हुकमाचा इतका चांगला उपयोग पाचशे वर्षांत झाला नसेल. रिकने एक तोंडात टाकलं. पोरांनी बाकीच्यांवर झडप घातली.

एवढं झाल्यावर ती बोटीजवळ टेकवलेल्या लाकडी क्रुसासमोर गेली आणि तापलेल्या डांबरावर गुडघे टेकून बसली. कोणी सांगितलं म्हणून नाही. तिने छातीवर क्रुसाची खूण केली, प्रार्थना पुटपुटली आणि हाताचा आधार न घेता उठली. सिया मागे उभी राहून बघत होती. ती उभीच राहिली.

हॉलोवेबाईंचा चेहरा लालबुंद झाला होता. इतक्या वर्षांचा कार्यक्रम बिघडवला, त्या म्हणाल्या, परंपरेचा अपमान केला, तुम्ही हे ठरवून केलंत.

"येस," कार्मेलीन म्हणाली. "माय सारी." मग गुडघ्यांवर थाप मारून, "माय नीज."

सुशांतने कपाळाला हात लावला होता. आईच्या वतीने माफी मागायला तो पुढे झाला, तोंड उघडलं आणि आयुष्यात पहिल्यांदाच त्याच्या तोंडून निघालं, "नो, मिसेस हॉलोवे." मग स्वतःच दचकून गाडी आणायला गेला.

परतीच्या वाटेवर सिया मागच्या सीटवर आजीला खेटून बसली होती.

"ते लोक असतील ना अजून? ज्यांचा तो किनारा होता?"

"असतील. त्यांनी काय म्हणावं ते मी कोण सांगणार? मला माझं दार ठाऊक. मी तेवढंच बोलले."

"पण शेवटी तू नील केलंसच. व्हाय?"

आता कार्मेलीनजवळ उत्तर होतं. भेंडी चिरताना हरवलेलं ते उत्तर तिला डांबरावर सापडलं होतं.

"पोर्तुगीज आले ते खरं. जबरदस्ती केली तेही खरं, मी झाकणार नाही. पण मग पेशव्यांची फौज आली, पोर्तुगीज गाशा गुंडाळून गेले. फौजेने चर्चच्या घंटासुद्धा काढून नेल्या गं आमच्या. त्या दिवशी माझ्या कुठल्यातरी पणजीच्या दारावर पहारा नव्हता. तिला सोडायचं असतं तर सोडून मोकळी झाली असती. ती राहिली. धरून ठेवायला कोणी नव्हतं, तेव्हा राहिली. तिने त्या देवाला विचारलं असेल, कोण तू, कुणाचा? आणि मग स्वतःच्या हाताने घरात घेतला असेल. म्हणून तो माझा. बोटवाल्यांचा नाही आणि त्या हॉलोवेचाही नाही."

"अँड इफ आय से नो?"

हा प्रश्न कार्मेलीनला जड गेला. तिने खिडकीबाहेर बघून घेतलं. "तर नाही. तुझं दार, तू उघडायचं. मी रडेन, पण ढकलणार नाही."

हिवाळाभर सियाने तो विषय काढला नाही आणि कार्मेलीनने विचारला नाही. विचारायचं नाही म्हणून किती वेळा जीभ चावली ते तिचं तिलाच ठाऊक. मग एका संध्याकाळी दृढीकरणाच्या वर्गाहून येऊन सिया म्हणाली, "आजी, स्पॉन्सर लागतो. मागे उभं राहायला. लुगडं नेसून येशील?"

दृढीकरणाला बिशप आले, आताचे, खरेखुरे. उंच टोपी, हातात दंड, बोटात अंगठी. मुलं रांगेने पुढे जात. प्रत्येकाने एका संताचं नाव निवडायचं, बिशप ते विचारणार आणि कपाळाला तेल लावणार. कोणी सिसिलिया झालं, कोणी सबॅस्टियन. पुढच्या बाकावर हॉलोवेबाई होत्या. त्यांनी लुगडं पाहिलं आणि पर्स घट्ट धरली.

सियाची पाळी आली. कार्मेलीनने मागे उभं राहून तिच्या खांद्यावर उजवा हात ठेवला.

"नाव?" बिशपांनी विचारलं.

"कार्मेलीन."

बिशप हसले. "वा, कार्मेल पर्वताच्या मातेवरून?"

"नो, बिशप. माझ्या आजीवरून." आणि मग तेल लावायला पुढे आलेल्या हाताकडे बघत सियाने विचारलं, "अँड व्हॉट्स युवर्स? आईने ठेवलेलं?"

सुशांतने डोळे मिटून घेतले. बिशपांचा हात हवेतच थांबला, आणि त्यांनी आधी सियाकडे, मग तिच्यामागच्या लाल लुगड्यातल्या बाईकडे पाहिलं. कार्मेलीनने नजर खाली घेतली नाही. नातीच्या खांद्यावरचा तिचा हात घट्ट झाला, पण आवरायला नव्हे.

"जेरोम," बिशप म्हणाले. "घरी जेरी."

तेव्हा कुठे सियाने कपाळ पुढे केलं.